भाकरी राखणारा आणि कणीक मळणारी : इंग्रजी शब्दांचे मध्ययुगीन जन्म



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे इंग्रजी शिकलो. शाळा मराठी माध्यमाची. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात इंग्रजीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजीचा तास आला की पोटात गोळा यायचा. एके दिवशी सरांनी फळ्यावर 'लॉर्ड' हा शब्द लिहिला आणि म्हणाले, "या शब्दात भाकरी लपलेली आहे. कुठे आहे, सांगा बरं." आम्ही गप्प. मग सरांनी कणसाची पाने सोलावीत तसा तो शब्द सोलून दाखवला आणि आत खरोखरच भाकरी निघाली. त्या दिवशी इंग्रजीची भीती संपली असे म्हणणार नाही. पण ही भाषासुद्धा कुणाच्या तरी चुलीपाशी वाढली आहे, हे मनात पक्के बसले. आजचे व्याख्यान हे त्या एका तासाचे ऋण आहे.

इंग्रजी शब्दांचे मध्ययुगातले जन्म आणि त्यांचे पहिले अर्थ, हा आजचा विषय. मध्ययुग म्हणजे ढोबळमानाने इसवी सन ५०० ते १५००. या हजार वर्षांत फिरताना मला एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. आज आपण इंग्रजीला सत्तेची भाषा म्हणून ओळखतो. ती इंग्रजी सुमारे तीनशे वर्षे स्वतःच्या देशातच सत्तेच्या उंबऱ्याबाहेर होती. त्या काळात तिला दरबाराने सांभाळले नाही, न्यायालयाने सांभाळले नाही. गुरे राखणाऱ्यांनी, नांगर धरणाऱ्यांनी आणि पीठ मळणाऱ्यांनी ती जगवली. याची साक्ष तिच्या शब्दांत अजून आहे.

भाकरीभोवतीचे घर

पाचव्या शतकात रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली आणि आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यांवरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोक तिथे येऊन वसले. त्यांच्या बोलींतून जी भाषा घडली, ती जुनी इंग्रजी. आपण ज्ञानेश्वरी अडखळत का होईना वाचू शकतो. आजच्या इंग्रज माणसाला ही जुनी इंग्रजी परभाषेसारखी शिकावी लागते.

त्या भाषेत 'ह्लाफ' म्हणजे पाव, भाकरी. आजचा 'लोफ' तो हाच. 'वेअर्ड' म्हणजे राखणारा. ह्लाफवेअर्ड म्हणजे भाकरी राखणारा, घरातल्या धान्यावर ज्याची सत्ता तो. जिभेवर घासत घासत त्याचा 'ह्लाफोर्ड' झाला आणि पुढे 'लॉर्ड'. आणि 'लेडी'? ती होती 'ह्लॅफदीये', भाकरीचे पीठ मळणारी. या शब्दाच्या उत्तरार्धातले मूळ 'मळणे' या अर्थाचे आहे. कणकेला इंग्रजीत 'डो' म्हणतात, तो शब्द याच मुळाचा. भाषाशास्त्रज्ञ हे मूळ संस्कृतातल्या 'दिह्' म्हणजे लिंपणे या धातूशी जोडतात. त्याच धातूपासून आपला 'देह' आला. मातीने लिंपून, मळून आकाराला आलेला तो देह. परातीतली कणीक आणि आपले शरीर इतके जवळचे नातलग आहेत.

याच मुळातून पीठ मळणाऱ्या मोलकरणीला 'दॅये' म्हणत. पुढे मोठ्या घरातले दूधदुभते तिच्याकडे आले आणि ती जिथे काम करी, ती जागा झाली 'डेअरी'. आपल्या गावोगावच्या दूध डेअरीच्या पाटीवर त्या बाईचे नाव आहे.

या घरात आणखी एक माणूस होता. केंटचा राजा एथेलबर्ट याचे कायदे सातव्या शतकाच्या आरंभीचे. इंग्रजीत रचलेल्या सर्वांत जुन्या मजकुरांत त्यांची गणना होते. त्यात एक कलम आहे: सामान्य शेतकऱ्याच्या 'ह्लाफॅटा'ला कुणी ठार मारले तर ६ शिलिंग भरपाई द्यावी. ह्लाफॅटा म्हणजे भाकरी खाणारा, म्हणजे दुसऱ्याच्या घरी राबून त्याची भाकरी खाणारा आश्रित. आपल्याकडे 'पोशिंदा' हा शब्द आहे, 'खाल्ल्या मिठाला जागणे' आहे. माणसामाणसांतले नाते अन्नाच्या मापाने मोजण्याची ही रीत दोन्हीकडे सारखी आहे.

आता एक गोष्ट पाहा. भाकरी राखणारा टिकला, लॉर्ड झाला. परमेश्वरालाही तेच नाव मिळाले. पीठ मळणारीही टिकली, लेडी झाली, आणि जी कधी पिठात हात घालत नाही तिच्यासाठी तो शब्द राखीव झाला. भाकरी खाणाऱ्याचा शब्द मात्र भाषेतून पुसला गेला. कायद्याच्या एका कलमात तो सापडतो, तेवढाच.

घरधनी आणि गवाक्ष

सन ७९३ मध्ये लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांनी हल्ला केला. पुढची काही दशके लुटालुटीची गेली; मग हेच लोक उत्तर आणि पूर्व इंग्लंडात शेती करून राहिले, तिथल्या मुलींशी त्यांची लग्ने झाली. लढाईतून भाषा एकमेकींत मिसळत नाहीत, शेजारातून मिसळतात. नॉर्समधून इंग्रजीत आलेले शब्द पाहिले की हे पटते. 'एग', 'नाइफ', 'स्काय' हे तर आलेच; 'दे', 'देअर', 'देम' ही सर्वनामेही तिकडून आली. कुठलीही भाषा सर्वनाम सहसा उसने घेत नाही. ते घेतले गेले, यावरून ते शेजारी किती जवळ राहत असतील ते कळते.

'हजबंड' हा त्यांचा 'हूसबोंडी', म्हणजे घर असलेला, घराचा धनी. पुढे त्याला नवऱ्याचा अर्थ आला. आपला 'घरधनी' याच वाटेने गेला. 'विंडो' हा त्यांचा 'विंदाउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. आपल्याकडे खिडकीला 'गवाक्ष' म्हणतात, गाईचा डोळा. उत्तर समुद्राकाठच्या माणसाला आणि आपल्या पूर्वजाला भिंतीतल्या भोकात डोळाच दिसला.

या शेजाराचा एक सुंदर पुरावा विल्यम कॅक्स्टन याने लिहून ठेवला आहे. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. १४९० मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो: काही व्यापारी थेम्स नदीतून जहाजाने निघाले होते. वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकाने तिथल्या बाईकडे खायला 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! मग दुसऱ्याने 'एरन' मागितली, तेव्हा तिला उमगले. एक शब्द नॉर्सकडून आलेला, दुसरा जुन्या इंग्रजीतला, अंडे एकच. बारा कोसांवर भाषा बदलते हे आपल्याला सांगावे लागत नाही. पण कॅक्स्टनची अडचण वेगळी होती. त्याला छापायचे होते. कुठल्या बाईची इंग्रजी छापायची? त्या छापखान्यात बोलींतून प्रमाणभाषा निवडली जात होती. आज जगभर 'एग' चालते आणि 'एरन' कोशात निजलेला आहे, तो तिथल्या निवडीमुळे.

गोठ्यातली भाषा, पंक्तीतली भाषा

सन १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबार फ्रेंच झाला, कारभाराचा कागद लॅटिन झाला, आणि इंग्रजी खाली गेली. ऑक्स, काफ, शीप, स्वाइन हे गोठ्यातले शब्द इंग्रजी राहिले. बीफ, व्हील, मटन, पोर्क हे ताटातले शब्द फ्रेंचमधून आले. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या 'आयव्हॅनहो' कादंबरीमुळे ही जोडी जगाला ठाऊक झाली: राखणारा इंग्रज, खाणारा नॉर्मन. यात तथ्य आहे, पण सगळे तितके नीटनेटके नाही. फ्रेंचमधून आलेले हे शब्द पुढची काही शतके जिवंत जनावरांनाही लावले जात. गोठा आणि ताट यांच्यातली रेघ हळूहळू पक्की झाली. गोष्ट सुरेख असली की ती जास्तच तपासून घ्यावी, हेही सरांनीच शिकवले.

न्यायालयात मात्र फ्रेंचचा ठसा निर्विवाद आहे. कोर्ट, जज, ज्युरी, प्ली, अटर्नी, प्रिझन हे सगळे तिकडून आले. आणि दोन भाषा बोलणाऱ्या माणसांत कागद करायचा, तर दोन्ही बाजूंचे शब्द शेजारी ठेवणे सोयीचे पडे. म्हणून 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स', 'ब्रेकिंग अँड एंटरिंग'. प्रत्येक जोडीत पहिला शब्द गावचा, दुसरा लॅटिन-फ्रेंच घराण्याचा.

इथे मराठी माणसाने थांबून आपल्या जिभेकडे पाहावे. वकील, अर्ज, फिर्याद, हुकूम, जिल्हा, तालुका, जमीन हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. शेत, बैल, दूध, हात, पाय हे आपल्या मुळातले. आणि जोड्या? 'बाजारहाट' : बाजार फारसी, हाट इकडचा. 'धनदौलत' : धन इकडचे, दौलत अरबी. 'कागदपत्र' : कागद फारसीमार्गे आलेला, पत्र संस्कृत. दोन भाषांच्या सीमेवर राहणारी माणसे जगात कुठेही असोत, ती असेच शब्द घडवतात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागे हीच जाण होती की कारभाराची भाषा हा राज्याचाच भाग आहे.

१३०० च्या सुमारास रॉबर्ट ऑफ ग्लॉस्टर या इतिवृत्तकाराने नोंदले आहे की, फ्रेंच येत नसेल तर माणसाला किंमत नाही. साधी माणसे मात्र आपली इंग्रजी धरून आहेत. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कितीतरी वेळ पुढे वाचू शकलो नाही. 'फ्रेंच'च्या जागी 'इंग्रजी' आणि 'इंग्रजी'च्या जागी 'मराठी' घालून ते वाक्य मी माझ्या लहानपणी घरोघर ऐकले होते.

आणखी पुढचे ऐका. जॉन ट्रेव्हिसा या धर्मोपदेशकाने रॅनल्फ हिग्डन याचा लॅटिन इतिहासग्रंथ इंग्रजीत आणला. १३८७ मध्ये ते काम पुरे झाले. मूळ ग्रंथात हिग्डनची तक्रार होती की, शाळेत मुलांना स्वतःची भाषा सोडून फ्रेंचमध्ये धडे गिरवावे लागतात. ट्रेव्हिसाने तिथे आपली भर घातली: १३४८-४९ च्या महामारीनंतर ही रीत बदलली आणि आता, १३८५ मध्ये, इंग्लंडच्या व्याकरणशाळांतून मुले इंग्रजीतून शिकतात. मग तो लाभ-हानीचा हिशेब मांडतो. लाभ असा की, मुले व्याकरण पूर्वीपेक्षा लवकर शिकतात. हानी अशी की, त्यांच्या डाव्या टाचेला जितकी फ्रेंच येते तितकीच त्यांना येते. समुद्रापार गेली तर पंचाईत. मातृभाषेतून शिकवावे की परभाषेतून, हा वाद आपल्याकडे आजही प्रत्येक जून महिन्यात प्रवेशाच्या रांगेत चालतो. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रजीच त्या रांगेत आपल्या जागी उभी होती.

ती तिथून वर आली. १३६२ च्या कायद्याने न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत करावेत असे ठरले. कारण दिले ते हे की फ्रेंच भाषा देशात फारशी कुणाला कळत नाही. १३९९ मध्ये चौथ्या हेन्रीने सिंहासनावरचा आपला हक्क इंग्रजीत सांगितला. पण या कायद्याने इंग्रजी जगवली असे नाही. ती जिवंत होती म्हणून कायदा झाला.

गाव खाली का गेले

आता अर्थांच्या प्रवासाकडे वळतो. 'डिअर' म्हणजे हरीण. जुन्या इंग्रजीत 'देओर' म्हणजे कुठलेही जनावर. शिकारीत ज्याच्या मागे धावायचे ते मुख्य जनावर हरीण, म्हणून अर्थ आकसत आकसत हरणावर आला. आपल्या 'मृग' शब्दाचे नेमके हेच झाले. मृग म्हणजे मुळात कुठलाही वन्य पशू. म्हणून सिंह हा मृगेंद्र, वानर हा शाखामृग आणि शिकार ती मृगया. या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण जंगलाशी माणसाचा संबंध सारखाच होता.

'मीट' म्हणजे मध्ययुगात कुठलेही अन्न. मिठाईला इंग्रजीत 'स्वीटमीट' म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. 'स्टार्व्ह' म्हणजे नुसते मरणे, कशानेही. पुढे ते उपासमारीच्या मरणापुरते उरले. 'गर्ल' हा शब्द १३०० च्या आसपास दिसू लागतो तेव्हा तो मुलगा किंवा मुलगी, कुणालाही लागतो. आपण 'पोर' म्हणतो तसा. तो पोर, ती पोर, ते पोर. मराठीने तिन्ही लिंगे राखली, इंग्रजीने एकच ठेवले.

काही शब्दांच्या प्रवासात मात्र मन दुखावते. 'नेव्ह' म्हणजे आधी नुसता मुलगा. मग घरात काम करणारा पोऱ्या. मग लबाड, बदमाश. 'व्हिलन' म्हणजे आधी जमीनदाराच्या मळ्याला बांधलेला कूळ, गावात राहणारा कष्टकरी, मग असभ्य, मग दुष्ट. शेती करणारा माणूस नाटकातला खलनायक झाला, त्यात त्याचा गुन्हा काय? उलट 'जेंटल' म्हणजे चांगल्या कुळातला, तो झाला मृदू स्वभावाचा. दरबारी रीत ती 'कर्टसी', ती झाली सौजन्य. सी. एस. लुइस यांनी १९६० च्या 'स्टडीज इन वर्ड्स' या पुस्तकात दाखवून दिले आहे की, समाजातल्या पायरीचे शब्द हळूहळू नीतीचे शब्द होतात. वरच्या पायरीचे नाव सद्गुणाला मिळते, खालच्या पायरीचे दुर्गुणाला.

हे वाचून इंग्रजांना दोष देण्याआधी आपला कोश उघडू या. 'ग्राम्य' म्हणजे गावचा; आज त्याचा अर्थ काय होतो? 'गावंढळ' कुणाला म्हणतो आपण? आणि 'खानदानी', 'कुलीन' म्हणताना आवाज कसा आपोआप मऊ होतो? शब्द निरागस नसतात. कोश वरच्या पायरीवर बसून लिहिले गेले, हे शब्दांच्या पोटात शिरले की कळते.

'सिली' या शब्दाचा प्रवास मला सर्वांत करुण वाटतो. जुन्या इंग्रजीत 'सॅलिग' म्हणजे ईश्वराची कृपा झालेला, धन्य. मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, आणि शेवटी मूर्ख. आपला 'देवभोळा' या उतरणीच्या मध्यावर उभा आहे. 'नाइस' उलट दिशेने गेला. लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे न जाणणारा. १३०० च्या सुमारास तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख. मग लाजाळू, मग चोखंदळ, मग नाजूक, आणि अठराव्या शतकात छान, गोड. जाणणे या अर्थाच्या ज्या लॅटिन धातूपासून 'सायन्स' आला, त्याच्याच नकारातून 'नाइस' आला.

आता एक शब्द, जो मराठी पत्रकाराला विशेष आवडेल. 'क्लू'. मध्ययुगीन इंग्रजीत 'क्ल्यू' म्हणजे सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसियस भूलभुलैयात शिरताना दोऱ्याचा गुंडा उलगडत गेला आणि त्याच दोऱ्याने परत आला. ती कथा मध्ययुगीन इंग्रज कवी चौसर यानेही सांगितली आहे, आणि त्यात हा गुंडा आहे. पुढे वाट दाखवणारे जे काही ते 'क्लू'. आणि आपले वर्तमानपत्र काय लिहिते? पोलिसांच्या हाती 'धागेदोरे' लागले.

इंग्रज येण्याआधी इंग्लंडात गेलेले आपण

इंग्रजीतले भारतीय शब्द म्हटले की 'लूट', 'बंगला', 'शॅम्पू' आठवतात. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातले. पण त्यांच्या कितीतरी शतके आधी आपले शब्द तिथे पोचले होते, जहाजांवरच्या पोत्यांतून.

सन ७३५ मध्ये जॅरोच्या मठात बीड हा थोर विद्वान संन्यासी मरणशय्येवर होता. आपल्या पेटीतल्या मौल्यवान वस्तू त्याने सोबतच्या धर्मबंधूंना वाटल्या. त्या म्हणजे थोडे धूप, काही वस्त्रे आणि मिरी. उत्तर इंग्लंडातल्या थंडगार मठात पोचलेली ती मिरी भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या मुलखातली. तिचा इंग्रजी शब्द 'पेपर' हा संस्कृत 'पिप्पली'चा वंशज. आपली पिंपळी तीच. 'जिंजर' हा 'शृंगवेर'. 'शुगर' ही 'शर्करा', फारसी, अरबी, लॅटिन, फ्रेंच असा प्रवास करून गेलेली. शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. म्हणून 'खडीसाखर' म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणतो. 'कँडी' हा 'खंड', आपली 'खांड'. 'ऑरेंज' हे 'नारिंग'. ज्या मराठी मुलाला इंग्रजीच्या तासाला धास्ती वाटते, त्याला हे सांगायला हवे. त्याच्या आजीच्या मसाल्याच्या डब्यातले शब्द चौसरच्या आधीच तिकडे रुजले होते.

आणि बँकेतला 'चेक'? बुद्धिबळात राजाला धोका दिला की फारसीत 'शाह' म्हणत, राजा! तोच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'चेक' झाला. आपण त्यालाच 'शह' म्हणतो. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिना मोजायला सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज असे. त्यावर चौकटींचे कापड पसरून सोंगट्या मांडून हिशेब होई. ते पटासारखे दिसे, म्हणून त्या खात्याचे नाव 'एक्स्चेकर' पडले. शह म्हणजे रोखणे, रोखणे म्हणजे तपासणे, आणि तपासणीची खूण असलेला कागद म्हणजे चेक. राजकारणातला शहकाटशह आणि पाकिटातला चेक एकाच पटावरून उठून आले.

मूळ म्हणजे सत्य नव्हे

आता एक इशारा. शब्दाच्या मुळात त्याचे 'खरे' रूप असते, हा मोह फार जुना आहे. 'एटिमॉलॉजी' या शब्दातच ग्रीक 'एटिमॉस', म्हणजे खरे, बसले आहे. सेव्हिलचा बिशप इसिडोर, मृत्यू इसवी सन ६३६, याने या श्रद्धेवर वीस खंडांचा ग्रंथ रचला. मध्ययुगात तो युरोपभर वाचला जाई. लॅटिनमध्ये रात्रीला 'नॉक्स' म्हणतात, कारण ती इजा करते, असे त्याने लिहिले. ते चूक आहे. 'नॉक्स'चे नाते आपल्या 'नक्त'शी आहे, ज्या उपासाला रात्री जेवतात त्या नक्ताशी. आपल्याकडे यास्काचार्यांनीही निरुक्तात शब्दांची मुळे शोधली. काही पटतात, काही पटत नाहीत. चुका झाल्या म्हणून त्या प्रयत्नांची थोरवी कमी होत नाही. पण आज आपण एवढे जाणतो की शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मात कोरलेला नसतो. माणसे तो वापरतात आणि वापरता वापरता बदलतात. 'नाइस' म्हणजे मूर्ख नव्हे, 'लेडी' म्हणजे पीठ मळणारी नव्हे. मग मूळ कशाला शोधायचे? कुणी कुणाची भाकरी खाल्ली, कोण कुणाला हसले, कोण कुणाच्या शेजारी राहिले, याची दुसरी नोंद नाही म्हणून.

नोंद ठेवणारी माणसे

ही सारी माहिती आपल्याला कशी कळली? १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत एका नव्या कोशाचा विचार सुरू झाला. त्यातून ऑक्सफर्ड कोश जन्मला. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, काम १९२८ मध्ये पुरे झाले. संपादक जेम्स मरे यांनी सामान्य वाचकांना आवाहन केले: जुनी पुस्तके वाचा, शब्द ज्या वाक्यात सापडला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, आम्हाला पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. पुढे मिशिगन विद्यापीठाने मध्ययुगीन इंग्रजीचा स्वतंत्र कोश १९५२ ते २००१ या काळात छापून पूर्ण केला. 'गर्ल' एकेकाळी मुलालाही म्हणत, हे अशा चिठ्ठ्यांमुळे कळते.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला. दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये, म्हणजे लंडनमध्ये तो विचार सुरू झाला त्याच वर्षी. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासूनचा. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ चा. ही कामे मोठी आहेत. पण कोकणातल्या खलाशाचे, विदर्भातल्या कापूस वेचणारीचे, गोव्यातल्या माडकऱ्याचे, मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराचे किती शब्द अजून कुठल्याच चिठ्ठीवर उतरलेले नाहीत! ती माणसे आपले ह्लाफॅटा आहेत. त्यांचा शब्द आज टिपला नाही, तर हजार वर्षांनी कुणाला एका कलमातही तो सापडणार नाही.

सर गेल्यानंतर त्यांच्या घरी गेलो होतो. टेबलाच्या खणात वहीच्या पानांचे तुकडे होते. आमच्या वर्गातल्या मुलांनी घरून आणलेले शब्द त्यांनी त्यावर लिहून ठेवले होते. शब्द, अर्थ, कुणाच्या आजीचा, कुठल्या गावचा. माझ्या आजीचा एक शब्द त्यात होता, जो मी स्वतः विसरलो होतो.

आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एक शब्द विचारा. जात्याचा, मोटेचा, चुलीचा, कुठलाही. एका कागदावर तो शब्द लिहा, अर्थ लिहा, सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि आजची तारीख लिहा. पुढच्या वर्षी या सभागृहात येताना तो कागद सोबत आणा.